खुराड्यात काय अंथरावं

११ जानेवारी, रविवार

आज घरात पाच कोंबड्या आल्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

ही इस्पितळात औषधांच्या खिडकीवर असते. तिथल्या एका नर्सची बदली झाली, तिच्या कोंबड्या कोणी घेईना, म्हणून ही घेऊन आली, खुराड्यासकट. हिला स्वतःला कोंबड्यांची काडीची आवड नाही. ताटात अंडं आलं तर ते ही माझ्याकडे सरकवते. मग आणल्या कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सध्या घरीच आहात ना."

'सध्या' हा शब्द तिने बरोबर वापरला. ऑक्टोबरात धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "काका, तेहतीस वर्षं पायांवर उभे आहात. आता जरा आराम करा. गरज लागली की मी फोन करतो." फरशीच्या शोरूममध्ये त्यांनी आता मोठे पडदे लावलेत. त्यावर बोट फिरवलं की फरशी बदलते. गिऱ्हाईक खूश होतं. पण फरशीवर चालून दाखवायला शेवटी माणूसच लागतो. ऑक्टोबर ते जानेवारी आमच्या धंद्यात मंदी असते. फोन येईल. तोवर तो चार्ज करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो.

खुराडं मागच्या अंगणात, शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीला लागून ठेवलंय. ऐसपैस आहे. माणूस आत वाकून उभा राहू शकतो. खाली सिमेंटचा कोबा. नर्सने हिला जाताना सांगितलं म्हणे, "खाली काहीतरी अंथरा." काहीतरी! पायाखाली काय घालावं हे ज्याने तेहतीस वर्षं लोकांना सांगितलं, त्याला 'काहीतरी' अंथरायला सांगतायत.

सासूबाई खिडकीतून सगळं बघत होत्या. त्याही ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहेत. त्यांच्या घरी न्हाणीघरापाशी घसरून पडल्या, तेव्हा मेहुणा म्हणाला, फरशी बदलून घेतो, पंधरा दिवस आईला तुमच्याकडे राहू दे. त्यांचं आणि माझं थेट बोलणं नाही. भांडण वगैरे काही नाही, पद्धतच पडली नाही. एकतीस वर्षं त्या हिला सांगतात, "ह्यांना विचार, चहा घेणार का." मी हिला सांगतो, "त्यांना म्हणावं, घेईन." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले असतो.

१२ जानेवारी, सोमवार

कोंबड्यांची ओळख पटावी म्हणून नावं ठेवली. पांढरी रेघारेघांची ती संगमरवर. ठिपक्यांची मोझॅक. तांबडी विटकरी. काळी ग्रॅनाइट. पाचवी अगदीच लहान चणीची आहे, तिचं नाव सँपल.

माळ्यावर सागवानी नक्षीचं व्हिनाइल पडून होतं. उत्तम माल. मापात कापलं, कडा दाबून चिकटवल्या. खुराडं असं देखणं दिसायला लागलं की कोणी भाड्याने मागावं. मग दार उघडलं. विटकरी धावत आत आली आणि थांबलीच नाही. उभ्याउभ्या थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेली. बाकीच्या तिला बघायला आल्या त्याही गेल्या. संगमरवरचा एक पाय पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला गेला, मग तिला दोन्ही हातांनी गोळा करावं लागलं.

हे चालू असताना सासूबाईंना खिडकीत खोकल्याची जबरदस्त उबळ आली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खिडकी लावून घेतली तरी आतून आवाज येत होता. त्यांची छाती एकदा तपासून घ्यायला हवी, असं हिला सांगितलं.

१४ जानेवारी, बुधवार

व्हिनाइल काढलं. वर्तमानपत्रं घातली. कोंबड्यांनी ती फाडून खाल्ली. जी खाल्ली नाहीत त्यांचा लगदा झाला.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीनदा खुराडं पाण्याने धुतो. शोरूममध्ये माझ्या विभागाची फरशी आरशासारखी असायची. मोठे मालक म्हणायचे, "हिच्यात बघून भांग पाडावा." हा वारसा धाकट्या मालकांना कळेलच, आज ना उद्या.

१७ जानेवारी, शनिवार

गुरुवारी लाकडाच्या वखारीतून दोन पोती भुसा आणला. मैद्यासारखा बारीक, रंग सुरेख. हाताला इतका मऊ की मलाच त्यावर झोपावंसं वाटलं.

कोंबडी शिंकते हे मला माहीत नव्हतं. पाचही जणी एकामागून एक शिंकायला लागल्या. आज ग्रॅनाइटच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली आणि ती पंख टाकून कोपऱ्यात बसली. तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "खाली काय घातलंय?"

मी सांगितलं.

"हा भुसा नाही, धूळ आहे. कोंबडी ती छातीत भरून घेते. कोणी सुचवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, मी तेहतीस वर्षं फरशीच्या व्यवसायात आहे. त्यावर त्यांनी पेन उचललं. औषध लिहून दिलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अंथरूण बदला'. त्याखाली दोन रेघा मारल्या.

येताना टोपली मांडीवर होती. ग्रॅनाइट जाळीतून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. मला फार लाज वाटली.

२१ जानेवारी, बुधवार

बागेत गवत कापत होते, ते चार पोती मागून आणलं. हिरवंगार, थंड. पहिल्या दिवशी कोंबड्या खूश होत्या. आज तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर गवत गरम लागलं, खाली पांढरी बुरशी, आणि डोळ्यांत चरचरेल असा वास. मी लगेच दोन बादल्या पाणी ओतून सगळं धुऊन काढलं.

जेवताना सासूबाई हिला म्हणाल्या, "ओलं गवत घालू नका म्हणावं ह्यांना."

मी हिला म्हटलं, "त्यांना म्हणावं, मी बघतोय." नंतर स्वयंपाकघरात हिला जरा रागानेच विचारलं, तुझ्या आईला कोंबड्यांमधलं काय कळतं? ही भांडं विसळता विसळता म्हणाली, "चाळीस वर्षं पाळल्यात तिने. कधी तीसच्या खाली नव्हत्या. माझी शाळेची फी अंड्यांवर भागली."

एकतीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तसं म्हटल्यावर ही म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

त्यांच्या घरच्या फरशीचं मात्र मी मनावर घेतलंय. दोन खोल्या आणि न्हाणीघर यांना चार महिने? मी उभा राहिलो असतो तर नऊ दिवसांत पॉलिशसकट दिली असती. मेहुण्याला फोन केला. मिस्त्री कोण, फरशी खरखरीत घेतलीय ना, उतार कुठे दिलाय, सगळं विचारलं. तो एकदम गडबडला. म्हणाला, "भावोजी, मी मीटिंगमध्ये आहे." पाठीमागे प्रेशर कुकरची शिट्टी वाजत होती. मिस्त्री त्याला सरळसरळ बनवतोय आणि त्याला ते कबूल करायची लाज वाटतेय. हिला म्हटलं, मी स्वतः जाऊन बघून येतो. ही ओरडलीच, "तुम्ही त्यात पडू नका!" भावाच्या बाबतीत ही फार हळवी आहे.

२५ जानेवारी, रविवार

आज दातवाले डॉक्टर भिंतीपलीकडून बोलले. पांढरा डगला, नाकावर रुमाल.

"बघा, मला शेजाऱ्यांशी वाद घालायचा नाही. पण माझे पेशंट तोंड उघडं ठेवून बसतात. त्यांना श्वास नाकानेच घ्यावा लागतो. आणि नाकाने घेतला की ते उठून बसतात. परवा एकजण अर्धी दाढ भरलेली तशीच घेऊन गेला."

मी म्हटलं, मी दिवसातून तीनदा धुतो. ते म्हणाले, "दहादा धुवा. दोन आठवड्यांत वास गेला नाही तर मला नगरपालिकेला लिहावं लागेल. मग ते खुराडं उचलून नेतील."

तेव्हापासून पाचदा धुतो. वास वाढतोच आहे. काही कळेनासं झालंय.

जेवताना ही म्हणाली, "नाहीच जमलं तर देऊन टाकू कोणाला तरी." तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि अर्धं ताट तसंच ठेवून खोलीत गेल्या. आमटी जरा खारट झाली होती खरी, पण एवढं मनाला लावून घेण्यासारखी नव्हती.

२८ जानेवारी, बुधवार

फोन आला!

पहिल्या घंटीला उचलला. धाकटे मालक स्वतः. म्हणाले, "काका, गोदामाची जुनी किल्ली तुमच्याकडे राहिलीय का?" राहिली होती. म्हटलं, घेऊन येतो. ते म्हणाले, कोणाला तरी पाठवतो. म्हटलं, छे, मीच येतो.

इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्या जागेवर एक मुलगी होती. चुणचुणीत होती. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "काका, काय दाखवू? जमिनीचं की भिंतीचं?" मी म्हटलं, नुसतं बघायला आलोय. तिने पडद्यावर बोट फिरवून बरंच काही दाखवलं. धाकटे मालक बाहेर निघाले होते. किल्ली घेतली, "थँक्यू काका" म्हणाले, गाडीत बसले.

मार्चमध्ये गर्दी वाढते. तेव्हाचं तेव्हा.

बसने न येता चालत आलो. एक तास दहा मिनिटं लागली.

२९ जानेवारी, गुरुवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

सकाळी खुराडं धुतलं आणि आतच बादली पालथी घालून बसून राहिलो. उठावंसं वाटेना. ही कामाला गेली होती. काठीचा आवाज आला. बघतो तर सासूबाई खुराड्याच्या दारात.

त्या म्हणाल्या, "उठा."

मी आजूबाजूला पाहिलं. ही कुठेच नव्हती. म्हणजे मलाच म्हणत होत्या. उठलो.

"दिवसातून किती वेळा धुता?"

"पाच."

"पाच!" त्यांनी काठी कोब्यावर आपटली. "अहो, कोंबडीचं घर आहे की ऑपरेशनची खोली? शिट वाळली की तिला वास नसतो. तुम्ही ती रोज भिजवून भिजवून ताजी करता. वास येईल नाहीतर काय होईल?"

एकतीस वर्षांचं साचलेलं असावं, कारण त्या थांबल्याच नाहीत. सुताराकडे रंधा मारताना कुरळ्या झिलप्या निघतात, त्या आणा. भुसा नको, झिलप्या. पॉलिश किंवा रंग लागलेल्या लाकडाच्या अजिबात नकोत. त्यात वाळका पालापाचोळा मिसळा. चांगला वीतभर थर द्या. रोज संध्याकाळी त्यावर मूठभर दाणे उधळा, कोंबड्या उकरून उकरून तो वरखाली करतात, शिट आतल्या आत मुरते. थर खाली बसला की वर नवा टाका.

"आणि झाडायचं कधी?" मी विचारलं.

"झाडायचं नाही."

"पुसायचं?"

"नाही."

असं मी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. पण त्या इतक्या ठामपणे बोलत होत्या की मी वही आणून लिहून घेतलं. त्यांचे उपकार कसे फेडावे म्हणून म्हटलं, "तुमच्या घरची फरशी झाली की मी येऊन एकदा तपासून देतो. तो मिस्त्री तुमच्या मुलाला फसवतोय."

त्या जरा वेळ सँपलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे कोणी फरशी घालत नाहीये, जावईबापू. घर भाड्याने दिलंय. नोव्हेंबरातच. शेजारीण फोनवर बोलता बोलता सांगून बसली."

मी वही मिटली. म्हटलं, "मग तुम्ही विचारलं कसं नाहीत?"

"विचारलं तर पोरांना खरं सांगावं लागेल. त्यांचा जीव वर-खाली होतोय, दिसतो मला. सांगतील धीर झाला की. तोवर तुम्ही तिला यातलं काही बोलू नका." मी वचन दिलं.

जाता जाता त्या वळल्या आणि काठी माझ्या खिशाकडे रोखली. "तो फोनही आता तिथून काढा. सारखं वाकायचं काम आहे. पडायचा पाण्यात."

खरं होतं ते. फोन काढून आत फळीवर ठेवला. का कोण जाणे, दिवसभर हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जात होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुतार म्हणाला, न्या हव्या तेवढ्या, मी तर जाळतो. सहा पोती झिलप्या आणल्या. बागेच्या माळ्याकडून चार पोती पाचोळा. वीतभर थर दिला. आमच्या भाषेत सांगायचं तर हे ना टाइल, ना गालिचा, ना लाकूड. डोळ्यांना गबाळं दिसतं. पण कोंबड्या आत शिरल्या आणि पाचही जणी एकदम उकरायला लागल्या, जणू कोणाचं काही हरवलंय आणि सगळ्यांना मिळून शोधायचंय. मोझॅक एका खळग्यात आडवी होऊन पंखांनी अंगावर धूळ घ्यायला लागली. मला वाटलं झटका आला. सासूबाई म्हणाल्या, "अंघोळ करतेय."

ग्रॅनाइटची घरघर थांबली आहे.

माझी मात्र उलघाल होते. दोनदा झाडू घेऊन गेलो. तिसऱ्यांदा गेलो तर झाडू जागेवर नव्हता. सासूबाईंच्या पलंगाखाली सापडला.

परीक्षा कशी करायची तेही त्यांनी शिकवलं. मूठभर अंथरूण घेऊन आवळायचं. नुसता ओलावा जाणवला तर ठीक, थेंब निघाला तर बिघडलं. सगळीकडे ठीक निघालं. फक्त दातवाल्यांच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मूठ आवळली तर पाणी गळलं. वासही तिथेच होता.

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांगा. गुपचूप धुता की नाही?"

नाही हो! गळ्याची शपथ घेतली. विश्वास बसला असं वाटलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझ्यावरचा आळ दूर झाला.

तीन दिवस त्या कोपऱ्यातलं बदलून कोरडं टाकतोय आणि तीन दिवस ते पुन्हा भिजतंय. रविवारी, म्हणजे उद्या, दातवाल्यांची मुदत संपते. आज सकाळपासून आम्ही दोघं त्या कोपऱ्यापुढे स्टूल टाकून बसलो. साडेनऊपर्यंत कोरडं. दहाला पलीकडे दवाखाना उघडला. दहा वीसला भिंतीच्या बुडातून एक थेंब आला. मग धार. मी बोट लावलं. पाणी गुलाबी होतं.

सासूबाईंनी वास घेतला. "लवंगेचा येतोय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दातवाल्यांच्या खुर्चीशेजारी चूळ भरायचं भांडं असतं. पेला गुलाबी पाण्याचा असतो. पेशंट चूळ भरतो आणि ती सगळी फुटक्या पाइपातून आमच्या कोंबड्यांच्या अंथरुणात!

मी भिंतीवरून हाक मारली. डॉक्टर रुमाल लावूनच आले. सासूबाईंनी त्यांना खुराड्यात वाकायला लावलं आणि मधल्या अंथरुणाची मूठ पुढे केली. "रुमाल काढा. वास घ्या."

त्यांनी भीत भीत घेतला. "लाकडाचा येतो. चांगला आहे की."

"आता हा घ्या." कोपऱ्यातली मूठ.

डॉक्टर दोन पावलं मागे गेले. "हाच! हाच तो! मी म्हणत होतो ना!"

"हा तुमचा आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मूठ आवळून दाखवली. गुलाबी थेंब त्यांच्या पांढऱ्या बुटावर पडला.

डॉक्टरांनी बुटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "सोमवारी प्लंबरला बोलावतो." जाताना रुमाल विसरून गेले.

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंत फोडायची म्हणजे कोंबड्या हलवणं भाग होतं. डॉक्टर स्वतःच म्हणाले, दवाखाना आज बंदच आहे, बाहेरच्या खोलीत ठेवा. तिथे बाक आहेत, मासिकं आहेत, मासे आहेत. पाचही कोंबड्या काचेसमोर ओळीने उभ्या राहून मासे बघत होत्या. आत बोलवायची वेळ झाली की चालू लागतील असं वाटत होतं.

एक बाई दाढ ठणकतेय म्हणून तशाच आल्या. चूळ भरायची सोय नव्हती, डॉक्टर म्हणाले, तासभर थांबा. सँपल उडी मारून त्यांच्या मांडीवर बसली. बाई आधी दचकल्या, मग गाल धरलेला हात सोडून तिच्या पाठीवरून फिरवायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ठणका कमी झाला हो." डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्यांनी सवयीने मोझॅकची चोचही उघडून पाहिली. "ह्यांचं बरं आहे," म्हणाले आणि मिटली.

संगमरवरने मासिकांच्या गठ्ठ्यावर अंडं घातलं. डॉक्टरांनी ते ठेवून घेतलं. संध्याकाळी भिंतीवरून विचारत होते, पाच कोंबड्या कमी पडत नाहीत का तुम्हाला?

१५ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा आला होता. संत्री घेऊन. बसल्या बसल्या म्हणाला, "आई, जरा अजून वेळ लागेल गं. मिस्त्री गावाला गेलाय."

माझी जीभ वळवळत होती. कोणता मिस्त्री, कुठलं गाव? पण वचन दिलेलं. मी संत्रं सोलायला घेतलं. ही खाली मान घालून साली गोळा करत होती.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. एक काम कर. त्या भाडेकरूंना सांग, मागच्या अंगणातला पाचोळा जाळू नका. दोन झाडं आहेत, पुष्कळ पडतो. पोत्यांत भरून ठेवायला सांग. ह्यांना लागतो आता दर महिन्याला."

मेहुण्याच्या तोंडात संत्र्याची फोड होती, ती तशीच राहिली. ही उठून आत गेली. मी मागोमाग गेलो तर ओट्याला टेकून रडत होती. म्हटलं, अगं, पाचोळा फुकट मिळतोय, त्यात रडण्यासारखं काय आहे? तर रडता रडता हसायला लागली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बायकांचं मला कळत नाही.

बाहेर आलो तेव्हा मेहुणा आईच्या पायाशी जमिनीवर बसला होता आणि त्या त्याच्या डोक्यावर हात फिरवत विचारत होत्या, "भाडेकरू चांगले आहेत का रे? लहान मूल आहे का घरात?"

जाताना मेहुणा माझा हात धरून म्हणाला, "भावोजी, तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, मी फरशीतला माणूस आहे. चार महिने कुठलीच फरशी लागत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सासूबाईंनी मला गाढव म्हटलं.

झालं असं. सकाळी आम्ही दोघं खुराड्यात होतो. मी दाताळ्याने अंथरूण सैल करत मागे मागे सरकत होतो. विटकरीने अंडी घालायची पेटी सोडून झिलप्यांतच अंडं घातलं होतं, ते मला दिसलं नाही. सासूबाई एकदम ओरडल्या, "अरे ए गाढवा, मागे बघ की!"

थांबलो. टाच अंड्यापासून चार बोटांवर होती.

त्यांनी अंडं उचललं, तळहाताने पुसलं, आणि काठी टेकत घरात गेल्या. दुपारच्या चहाला आल्याच नाहीत. ही म्हणाली, "आईला फार ओशाळल्यासारखं झालंय. जावयाला असं बोलले म्हणते. तुम्ही मनावर घेऊ नका हं."

मनावर घेण्याचं काय. मी दिवसभर वेगळाच विचार करत होतो. शोरूममध्ये मी सगळ्यांचा 'काका'. घरात 'अहो'. मेहुण्याचा 'भावोजी'. माझी आई गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी 'अरे' म्हणालेलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चार वाजता त्यांच्या खोलीच्या दाराशी गेलो. एकतीस वर्षांत मी त्यांना काहीच म्हणून हाक मारलेली नाही, 'ऐकलंत का' यावरच भागवलंय. दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "आई, दाणे टाकायची वेळ झाली."

त्या पलंगावर बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे."

मी तिथेच उभा राहिलो.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काठी हातात घेतली आणि म्हणाल्या, "हो पुढे. आलेच."

मी झालो पुढे.